जपानच्या लांब तलवारी: काही कापल्या गेल्या, काही देवाला वाहिल्या



तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मोबाईलवर एक फोटो येऊन गेला असेल. काचेच्या पेटीत एक जपानी तलवार ठेवली आहे आणि शेजारी उभी असलेली माणसं तिच्यापुढे लहान मुलांसारखी दिसताहेत. खाली लिहिलेलं असतं, 'पूर्वी जपानमध्ये राक्षस राहत होते, त्याचा हा पुरावा.' मागच्या भागानंतर चार-पाच श्रोत्यांनी मला हाच फोटो पाठवला आणि विचारलं, "सर, ही तलवार खरी आहे का? आणि खरी असेल तर ती चालवत कोण होतं?"

तलवार खरी आहे, राक्षस खोटा आहे. पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. ते द्यायचं तर मला आधी माझी एक चूक सांगावी लागेल. ती मी आजवर फारशी कुणाला सांगितलेली नाही.

मेसमधली तलवार

मी सेकंड लेफ्टनंट म्हणून पलटणीत दाखल झालो तेव्हा आमच्या ऑफिसर्स मेसच्या भिंतीवर एक जपानी तलवार होती. दुसऱ्या महायुद्धात आपले सैनिक ब्रह्मदेशात आणि ईशान्य सीमेवर जपान्यांशी लढले. मणिपूरमधल्या सांगशाकच्या लढाईत, मार्च १९४४ मध्ये, मराठा पलटणही होती. त्या युद्धातून आलेल्या अशा तलवारी आपल्या सैन्यातल्या बऱ्याच मेसमध्ये आजही दिसतात. आमच्या तलवारीखाली पितळेची पट्टी होती आणि तिच्यावर लढाईचं नाव आणि साल कोरलेलं होतं.

पलटणीचा वर्धापनदिन जवळ आला होता. सगळ्या ट्रॉफी चकचकीत करायचं काम नव्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. मी ते मन लावून केलं. मूठ पात्याला बांबूच्या एका खुंटीने पक्की केलेली असते. ती खुंटी ठोकून काढली आणि मूठ उतरवली. आत पात्याचा जो शेवटचा भाग होता तो काळाकुट्ट, गंजलेला. मला वाटलं, चाळीस वर्षांत इथे कुणी हातच फिरवलेला नाही. मी पॉलिश पेपर आणि ब्रासो घेऊन बसलो आणि एका दुपारी तो भाग चांदीसारखा केला. मग पात्यावरही ब्रासो मारला. संध्याकाळी सी. ओ. साहेबांनी पाठ थोपटली.

पंधराएक वर्षांनी त्याच पलटणीत मी सेकंड-इन-कमांड होतो. एक वयस्कर जपानी पाहुणे मेसमध्ये जेवायला आले. भिंतीवरची तलवार पाहून त्यांनी परवानगी मागितली, तिला वाकून नमस्कार केला आणि हळूच म्यानातून काढली. पातं दिव्यासमोर धरून बराच वेळ पाहिलं. मग मूठ उतरवायची परवानगी मागितली. आतला तो चकचकीत भाग पाहून ते काही क्षण गप्प झाले. त्या भागात दोन भोकं होती. वरच्या भोकावर बोट ठेवून ते इंग्रजीत मला म्हणाले, "ही तलवार एके काळी आताच्यापेक्षा बरीच लांब होती. कधीतरी कापून लहान केली आहे. ती किती जुनी आहे हे इथल्या गंजाने सांगितलं असतं." मग त्यांनी विचारलं, "हे कुणी साफ केलं?"

मी खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. पातं म्यानात घालून त्यांनी तलवार दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली. त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो. आज तुम्हाला सांगतोय ते त्या वाचनातूनच आलेलं आहे.

लांब म्हणजे किती लांब

जपानी लोक तलवारीची लांबी 'शाकु' या मापात मोजतात. एक शाकु म्हणजे ३०.३ सेंटिमीटर, साधारण आपला एक फूट. मोजायचं ते फक्त पातं, मूठ धरायची नाही. सामुराईच्या कमरेला दिसते ती नेहमीची तलवार म्हणजे 'काताना'. तिचं पातं दोन शाकुंच्या थोडं वर, सुमारे ७० सेंटिमीटर असतं आणि वजन किलो-सव्वा किलो. तिच्या आधीची, घोडेस्वाराची, जास्त वाकदार तलवार म्हणजे 'ताची'. काताना धार वर करून कमरपट्ट्यात खोचतात, ताची धार खाली करून कमरेला टांगतात. आणि ज्या तलवारीचं पातं तीन शाकुंच्या, म्हणजे साधारण ९१ सेंटिमीटरच्या वर जातं ती 'ओदाची', म्हणजे मोठी ताची. तिलाच 'नोदाची', म्हणजे मैदानात वापरायची ताची, असंही म्हणतात.

या मोठ्या तलवारींचा खरा काळ चौदावं शतक. १३३६ ते १३९२ या काळात जपानमध्ये एकाच वेळी दोन सम्राट आणि दोन दरबार होते, एक उत्तरेचा आणि एक दक्षिणेचा. साठेक वर्षं देशभर लढाया चालू राहिल्या. या काळात पाती लांब आणि रुंद होत गेली. लांब पात्यामुळे हात लांबवर पोचतो, घोड्यावरून जमिनीवरचा माणूस टप्प्यात येतो आणि जमिनीवरून घोडाही टप्प्यात येतो. शिवाय एक कारण असं, की रणांगणावर दिसणं हेही योद्ध्याचं काम होतं. चार फुटी पातं खांद्यावर टाकून येणारा माणूस दुरून ओळखू येतो. शत्रूला तर येतोच, पण नंतर बक्षीस वाटणाऱ्या सरदारालाही येतो.

१३६६ या एकाच सालाची नोंद अंगावर असलेल्या दोन ओदाची आज जपानच्या राष्ट्रीय ठेव्यात आहेत. एक सेन्जुइन नागायोशी या लोहाराची, पातं सुमारे १३६ सेंटिमीटर. ती ओमिशिमा बेटावरच्या ओयामाझुमी देवस्थानात आहे. दुसरी बिझेन प्रांतातल्या ओसाफुने गावच्या तोमोमित्सुची, पातं सुमारे १२६ सेंटिमीटर. ती निक्को इथल्या फुतारासान देवस्थानात आहे. या दोन्ही तलवारी देवस्थानात आहेत, राजवाड्यात किंवा शस्त्रागारात नाहीत, ही गोष्ट लक्षात ठेवा. तिचं कारण पुढे येईल.

एवढं पातं घडतं कसं

जपानी तलवारीचं पोलाद लोखंडाच्या काळ्या वाळूतून येतं. 'तातारा' नावाच्या मातीच्या भट्टीत वाळू आणि कोळसा आलटूनपालटून टाकत तीन दिवस तीन रात्री आग चालू ठेवतात. शेवटी भट्टी फोडून अडीच टनांच्या आसपास वजनाचा लोखंड-पोलादाचा गोळा बाहेर काढतात. त्यातलं निवडक पोलाद म्हणजे 'तामाहागाने'. शिमाने प्रांतात ओकुइझुमो इथे १९७७ मध्ये ही पद्धत पुन्हा सुरू झाली आणि आजचे तलवारकार तिथलंच पोलाद वापरतात.

लोहार हे पोलाद ठोकतो, मध्ये दुमडतो, पुन्हा ठोकतो. दहा-पंधरा वेळा दुमडलं की हजारो थर होतात, मळ निघून जातो आणि पोलाद एकजीव होतं. बाहेर कडक पोलाद आणि पोटात मऊ लोखंड, अशी साधारण रचना असते. मग सगळ्यात अवघड काम येतं. पात्याला मातीचा लेप देतात, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ. पातं लाल तापवून पाण्यात बुडवतात. धार झटकन थंड होते म्हणून कडक होते, पाठ सावकाश थंड होते म्हणून चिवट राहते. कडक होताना धारेकडचं पोलाद किंचित प्रसरण पावतं, त्यामुळे पातं मागे वाकतं. जपानी तलवारीची कमान हातोड्याने थोडी दिली जाते आणि उरलेली या पाण्यात येते.

आता विचार करा. ७० सेंटिमीटरचं पातं टोकापासून मुठीपर्यंत सारखं तापवणं कठीण, तर दोन मीटरचं किती कठीण असेल? एके जागी उष्णता कमी पडली तर तिथे धार मऊ राहणार, जास्त झाली तर पाण्यात गेल्याबरोबर तडा जाणार. एका क्षणात महिन्यांची मेहनत जाते. म्हणून ओदाची नीट उतरली की ती लोहाराच्या आयुष्यातली मोठी गोष्ट असे. तुमच्या मोबाईलवर आलेली तलवार बहुधा ओसाफुनेच्याच नोरिमित्सु या लोहाराची असते. पंधराव्या शतकाच्या मध्यात घडवलेली, एकूण लांबी ३ मीटर ७७ सेंटिमीटर, वजन साडेचौदा किलो. ओकायामाजवळच्या किबित्सु देवस्थानाकडे ती आहे. ती घडवायला राक्षस लागला नाही, पण लोहार आणि त्याचे मदतनीस फार तयारीचे लागले.

ती लढाईतून का गेली

मी पायदळातला माणूस आहे. शस्त्र हातात आलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, शेजारच्या जवानाला किती जागा उरते? ओदाची फिरवायला चहूबाजूंनी मोकळी जागा लागते. ती कमरेवरून उपसता येत नाही, हाताची लांबीच पुरत नाही. म्हणून ती खांद्यावर न्यायची, किंवा म्यान धरायला बरोबर नोकर ठेवायचा. पंधराव्या-सोळाव्या शतकात जपानमधल्या लढाया मोठ्या झाल्या आणि भालाईत पायदळाच्या दाट रांगा उभ्या राहू लागल्या. १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर बंदूक आली. अशा रांगेत पाच फुटी पातं गरगरा फिरवणारा माणूस शत्रूआधी आपल्याच माणसांना धोका. आखूड काताना मात्र एका झटक्यात उपसून वार करता येई. हळूहळू तीच रूढ झाली.

तरी ओदाचीचा एक शेवटचा मोठा प्रसंग सांगितला जातो. १५७० मध्ये आनेगावा नदीकाठी एका बाजूला ओदा नोबुनागा आणि तोकुगावा इएयासु, तर दुसऱ्या बाजूला आझाई आणि आसाकुरा ही घराणी, अशी लढाई झाली. आसाकुरांकडे माकारा नाओताका नावाचा धिप्पाड योद्धा होता. आपलं सैन्य मागे हटायला लागल्यावर तो प्रचंड तलवार घेऊन एकटा थांबला आणि तिथेच पडला, अशी कथा आहे. नागोयाच्या आत्सुता देवस्थानात 'तारो' आणि 'जिरो', म्हणजे थोरली आणि धाकटी, अशा दोन अजस्र तलवारी आहेत. त्यांचं नातं माकारा घराण्याशी सांगतात. थोरलीचं पातंच सव्वादोन मीटरच्या आसपास आहे.

पुढे १५८८ मध्ये हिदेयोशीने शेतकऱ्यांकडची शस्त्रं जमा करण्याचा हुकूम काढला. कारण सांगितलं होतं की या लोखंडातून क्योतोतल्या बुद्धमंदिरासाठी खिळे आणि पट्ट्या होतील. त्यानंतर तोकुगावांच्या राज्यात सतराव्या शतकाच्या मध्यात तलवारीच्या लांबीवर मर्यादा आली. कमरेला लावायची तलवार तीन शाकुंच्या आतच हवी. दोनअडीचशे वर्षांच्या शांततेत ओदाचीला रस्त्यावर जागा उरली नाही.

कापलेल्या तलवारी

मग घराघरांत असलेल्या जुन्या लांब तलवारींचं काय झालं? त्या कापल्या गेल्या. जपानीत याला 'सुरिआगे' म्हणतात. कापायचं ते टोकाकडून नाही, मुठीकडून. खालचा भाग तोडायचा, धारेचा थोडा भाग बोथट करून मुठीत घ्यायचा आणि खुंटीसाठी नवं भोक पाडायचं. तलवार वापरण्याजोगी होते, कमान आणि टोक टिकतं. पण लोहार आपलं नाव कोरतो ते मुठीत लपणाऱ्या त्याच भागावर. कापताना बहुतेक वेळा ते नाव जातं. चौदाव्या शतकातल्या कितीतरी उत्तम तलवारी आज अशा निनावी आहेत.

नाव गेलेल्या तलवारी ओळखायचं काम होनामी घराण्याने पिढ्यानपिढ्या केलं. पात्याची पोत आणि धारेची रेषा पाहून ते लोहार सांगत आणि कधी सोन्याच्या तारेने त्याचं नाव पुन्हा त्या भागावर जडवत. आणि कधी तिथे लोहाराऐवजी जिंकणाऱ्याचं नाव येई. १५६० मध्ये ओकेहाझामाच्या लढाईत नोबुनागाने इमागावा योशिमोतोला मारलं आणि त्याच्या अंगावरची तलवार घेतली. ती त्याने कापून लहान करवली आणि मुठीतल्या भागावर सोन्यात कोरून घेतलं, अमुक तारखेला योशिमोतोला मारलं तेव्हा त्याच्याजवळ असलेली ही तलवार, आणि खाली स्वतःचं नाव. ती आज क्योतोत, नोबुनागाच्याच नावाने उभारलेल्या केनकुन देवस्थानाची आहे. पातं उरलं आहे ६७ सेंटिमीटर.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या मेसमधली पितळी पट्टी आठवली. माणसाची रीत कुठेही गेलं तरी तीच. जिंकलेल्या शस्त्रावर आपलं नाव घालायचं. फरक एवढाच की नोबुनागाने आपलं नाव घातलं, आणि मी तर नसलेलं नावही पुसून टाकलं. आमच्या तलवारीला दोन भोकं होती, म्हणजे ती निदान एकदा कापलेली होती. कदाचित लहानशी अर्धवट सही उरलेली असेल, कदाचित नसेल. पॉलिश पेपरने तो प्रश्न कायमचा मिटवला.

वाहिलेल्या तलवारी

मग पूर्ण लांबीच्या ओदाची टिकल्या कुठे? ज्या देवाला वाहिल्या गेल्या होत्या त्या टिकल्या. आत्सुता, निक्को, ओमिशिमा, किबित्सु, मघापासून आलेली ही सगळी नावं देवस्थानांची आहेत. लढाईला जाताना नवस म्हणून, जिंकून आल्यावर फेड म्हणून योद्धे तलवार आणि चिलखत देवापुढे ठेवत. ओमिशिमा बेटावरच्या देवस्थानात जपानमधल्या जुन्या चिलखतांचा आणि शस्त्रांचा मोठा साठा आहे, तो याच रितीमुळे. देवाची झालेली तलवार कापायची कुणाची हिंमत नव्हती.

काही तलवारी तर देवासाठीच घडवल्या असाव्यात, कारण त्या माणसाने चालवण्याच्या मापाच्या नाहीतच. निक्कोच्या फुतारासान देवस्थानात 'नेनेकिरिमारु' नावाची तलवार आहे. तिचं पातं २ मीटर १६ सेंटिमीटर. डोंगरातल्या नेने नावाच्या भुताला या तलवारीने आपणहून म्यानातून निघून मारलं, अशी दंतकथा आहे. देवाच्या उत्सवात ती मांडली जाते. आपल्याकडे जेजुरीला दसऱ्याच्या मर्दानी उत्सवात खंडेरायाचा ४२ किलोचा खंडा तोलून धरतात, तो ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. असं शस्त्र शत्रूवर चालवायचं नसतं.

सगळ्यात मोठी मात्र अगदी अलीकडची आहे. यामागुची प्रांतात कुदामात्सु इथल्या हानाओका हाचिमान देवस्थानात १८५९ मध्ये वाहिलेली 'हाजा नो ओन्ताची', म्हणजे दुष्टाचं निर्दालन करणारी तलवार. एकूण लांबी साडेचार मीटरच्या वर, वजन ७५ किलो. साल पाहा. १८५३ मध्ये अमेरिकन आरमाराची काळी जहाजं जपानच्या किनाऱ्याला लागली होती, परकीयांशी तह झाले होते आणि देशात घालमेल चालू होती. बंदुका आणि तोफांच्या त्या काळात या लोकांनी पंच्याहत्तर किलोची तलवार घडवून देवापुढे ठेवली. तिने एकही जहाज बुडणार नव्हतं, हे त्यांनाही माहीत असणार. पण देवापाशी मागणं मागायचं तर आपल्याला येतं ते सगळ्यात मोठं काम करून मागायचं, असं ते असावं.

सुंदर कशामुळे

आता सजावटीचं पाहू. जपानी तलवारीचं पहिलं आणि मोठं सौंदर्य पात्यातच असतं. धारेकडे जी धुरकट पांढरी रेषा दिसते ती 'हामोन'. मातीच्या लेपाची कड जिथे होती तिथे ती उमटते. कुठे सरळ, कुठे लाटांसारखी, कुठे लवंगेच्या कळ्यांच्या ओळीसारखी. बिझेनच्या लोहारांची ही लवंगेची नक्षी प्रसिद्ध आहे. दुमडलेल्या थरांमुळे पात्यावर लाकडासारखे रेषांचे वळसे दिसतात. हे सगळं नुसत्या चकाकीत दिसत नाही. पॉलिश करणारा वेगळा कारागीर असतो. तो निरनिराळ्या दगडांवर आठवडेच्या आठवडे पातं घासतो, तेव्हा ते वर येतं. माझ्या ब्रासोने हे सगळं एकसारखं पुसट करून टाकलं होतं.

पात्यावर कोरीव कामही असतं. सरळ तलवारीला विळखा घातलेला नाग, 'कुरिकारा', हे आवडतं चित्र. ते 'फुदो म्योओ' या देवतेचं रूप. फुदो म्हणजे न हलणारा, संस्कृतातला अचल. बौद्ध धर्माबरोबर ही देवता भारतातून चीनमार्गे जपानला पोचली आणि तिच्याबरोबर सिद्धम लिपीही गेली. जुन्या पात्यांवर त्या लिपीतली बीजाक्षरं कोरलेली आढळतात. फुदोचं बीजाक्षर 'हां', जपानी उच्चारात ते 'कान' झालं. हजारो मैलांवरच्या जपानी पोलादावर संस्कृत अक्षर भेटतं, तेव्हा मला फार आपलेपणा वाटतो.

उरलेली सजावट मूठ, परज आणि म्यानावर. मुठीवर समुद्री पाकट माशाची दाणेदार कातडी चढवतात, घामेजलेल्या हातातून ती सरकत नाही. वरून रेशमी गोफ असा विणतात की मध्ये चौकोनी झरोके राहतात. मोठ्या ताचीला तोच गोफ म्यानाच्या वरच्या भागावरही गुंडाळलेला असतो. चिलखताशी घासून लाखेचं काम खराब होऊ नये म्हणून सुरू झालेली ही सोय पुढे दरबारी शोभा झाली. म्यान लाखेचं, त्यात सोन्याची बारीक पूड शिंपडलेली. पिकलेल्या नासपतीच्या सालीसारखी दिसते म्हणून तिचं नाव 'नाशिजी'. दरबारी समारंभाच्या तलवारींवर शिंपल्याचं जडावकाम असे. परज आणि बारीक दागिन्यांसाठी 'शाकुदो' हा मिश्रधातू वापरत. तांब्यात थोडं सोनं घातलं आणि योग्य प्रक्रिया केली की तो जांभळट काळा होतो. त्यावर माशाच्या अंड्यांसारखे बारीक ठिपके ओळीने ठोकायचे, आणि मध्ये सोन्याचा सिंह किंवा शेवंती. पंधराव्या शतकातल्या गोतो युजोपासून त्याच्या घराण्याने हे काम पिढ्यानपिढ्या केलं.

या बहुतेक सजावटीच्या मुळाशी काहीतरी कामाचं आहे. कातडी पकडीसाठी, गोफ घर्षणासाठी, नाग रक्षणासाठी. म्हणून ती सजावट कधी भडक वाटत नाही.

एक कर्नल आणि हरवलेली मासामुने

१८७६ मध्ये सरकारने सामान्य माणसाला तलवार लावून फिरायची बंदी केली. हजारो कारागिरांचं काम गेलं. पण खरा घाव १९४५ मध्ये बसला. शरणागतीनंतर अमेरिकी सैन्याने शस्त्रं जमा करायचा हुकूम काढला. तोकुगावा घराण्याने आपल्या तलवारी तोक्योतल्या एका पोलीस ठाण्यात नेऊन दिल्या. त्यांत होनजो मासामुने ही जपानमधली नामांकित तलवार होती. ती पुढे कुठे गेली हे आजतागायत कळलेलं नाही.

त्या वेळी होनमा जुन्जी या तज्ज्ञाने अमेरिकी अधिकाऱ्यांना पटवलं की ही सगळी शस्त्रं नाहीत, यांतल्या काही कलावस्तू आहेत. कॅडवेल नावाच्या एका कर्नलने ते ऐकून घेतलं. तलवारी तपासून निवडायला परवानगी मिळाली आणि १९४८ मध्ये जपानी तलवारींच्या जतनासाठी संस्था उभी राहिली. आज जपानमध्ये तलवारीची नोंद करावी लागते, तलवारकाराला पाच वर्षांची उमेदवारी करून परवाना घ्यावा लागतो. एका फौजी माणसाने हुकुमापलीकडे थोडं ऐकून घेतलं म्हणून केवढं वाचलं, हे मी इथे मुद्दाम सांगतोय. कारण मी तेव्हा कुणालाच विचारलं नव्हतं.

तुमच्या घरी असेल तर

आता बाजारात 'सामुराई तलवार' म्हणून शोभेच्या लांब तलवारी मिळतात. स्टेनलेस स्टीलचं पातं, ब्रशने किंवा ॲसिडने काढलेली हामोनची खोटी रेषा, ओतीव परज. भिंतीवर लावायला हरकत नाही, पण ती फिरवू नका. पातं मुठीत वेल्डिंगने जोडलेलं असतं, निसटून कुणाला लागेल. शिवाय नऊ इंचांहून लांब धारदार पातं आपल्या शस्त्र कायद्यात येतं. आधी पोलीस ठाण्यात चौकशी करा.

आणि कुणाच्या घरी आजोबांनी ब्रह्मदेशातून आणलेली जुनी तलवार असेल, तर एवढं ऐका. पात्याला बोट लावू नका, घामाने गंज चढतो. ब्रासो, लिंबू, चिंच, पॉलिश पेपर यांतलं काही लावू नका. मऊ स्वच्छ कापडाने पुसून हलकं तेल द्या, तेवढंच. मुठीतला काळा गंज म्हणजे घाण नाही, तो तिचा जन्मदाखला आहे. जाणकार भेटेपर्यंत त्याला हात लावू नका.

मोबाईलवरच्या प्रश्नाचं उत्तर आता देतो. काही मोठ्या तलवारी माकारासारख्या माणसांनी चालवल्या. पुष्कळ कापून लहान केल्या गेल्या, त्यातली एक आमच्या मेसच्या भिंतीपर्यंत पोचली. आणि ज्या सगळ्यात मोठ्या आहेत त्या बहुधा कुणीच चालवल्या नाहीत. त्या देवाला दिल्या, म्हणून आज आपल्याला पाहायला मिळतात.

आमची तलवार अजून त्याच भिंतीवर आहे. निवृत्त होण्यापूर्वी मी तिथे एक कागद लिहून ठेवला आहे, नव्या सेकंड लेफ्टनंटसाठी: फक्त पुसणे, पॉलिश करू नये. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.